सोवळ्यातल्या चपला

आमच्या कारखान्यात पाहुणा आला, की तो खुर्चीत बसायच्या आधी त्याच्या गाडीचं चाक खाली बसायचं. फाटकापासून ऑफिसपर्यंतच्या वाटेवर सराटे सांडलेले असायचे. कितीही झाडा, एखादा दगडाआड दबा धरून बसलेला असायचाच. कामगार लंगडायचे, फाटकावरचं कुत्रं लंगडायचं. एकदा एक मोठे साहेब तपासणीला आले, ते जवळजवळ सगळा वेळ एका पायावर उभे होते आणि मी चिमटा घेऊन त्यांच्या दुसऱ्या पायाशी वाकलेली होते. शेरा मात्र चांगला देऊन गेले. काटा निघाल्यावर माणूस किती उदार होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

ज्या भाग्यवंतांना सराटा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माळावर, बांधावर जमिनीला चिकटून पसरणारी ही वेल. पिवळी, नाजूक, निरागस दिसणारी फुलं. आणि त्यांच्या पोटी जन्माला येतं ते हे फळ: हरभऱ्याएवढं, कठीण, चहूबाजूंनी काटे. ते कसंही पडलं तरी एक काटा आकाशाकडे रोखलेला राहतो. वैद्य त्याला गोखरू म्हणतात आणि लघवीच्या तक्रारींवर त्याचा काढा देतात. शेतकरी त्याला काय म्हणतो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

या फळातून औषधी अर्क काढायचं काम मी जालन्याच्या एमआयडीसीत बरीच वर्षं केलं. आमचं घर जुन्या जालन्यातलं. घरात कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी कचेरीत. मी एकटी रसायनशास्त्र शिकून सराट्यात पडले. "लोकांच्या मुली पायात पैंजण घालतात, आमची काटे घालून येते," असं आई आल्यागेल्याला सांगायची.

कारखाना उत्तमरावांचा. वाटूरकडचे शेतकरी, उंचेपुरे, पांढराशुभ्र सदरा, आणि स्वच्छतेचं भयंकर वेड. कोणाकडे पाणी प्यायचं तर आधी पेला स्वतः विसळून घेणार, आणि पिऊन झाल्यावर पुन्हा विसळून देणार. लग्नाच्या पंगतीत हे करताना मी पाहिलंय. वाढप्याच्या हातातली झारी घेऊन त्यांनी शेजारच्या तिघांचे पेलेही विसळले होते. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर रानातला सराटा उपटून बांधाबाहेर फेकला. मुलगा त्याचाच कारखाना काढतोय म्हटल्यावर म्हातारा म्हणाला होता, "म्या फेकलेलं तू इकत घेऊन राह्यला का? मंग माझ्याकडूनच घे की, दारात आणून देतो." उत्तमरावांना ते फार लागलं होतं. सराट्याचं सोनं करून दाखवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

आणि ते सोनं काही होत नव्हतं.

अर्क काढणं म्हणजे काय, तर चहा करणं. पत्तीतला जीव पाण्यात उतरवायचा आणि चोथा टाकून द्यायचा. आमची पत्ती म्हणजे भरडलेला सराटा, पातेलं म्हणजे माणूसभर उंचीचं स्टीलचं भांडं, आणि गाळणी म्हणजे जी ऐन वेळी तुंबते ती. भरड जाड राहिली तर औषध आतच अडकतं. फार बारीक केली तर भांड्यात पिठलं होतं आणि ते गाळता गाळता दिवस मावळतो. नुसत्या पाण्यात काही गोष्टी उतरतात, काही स्पिरिटमध्ये, म्हणून दोन्हींचं मिश्रण करायचं. किती, किती गरम, किती वेळ, हीच सगळी विद्या. बाकी नुसता घाम.

पुण्याकडची एक औषध कंपनी आमचा अर्क घ्यायला तयार होती, पण त्यात औषधी अंश त्यांना हवा तेवढा पाहिजे होता. आमचा पहिला नमुना परत आला: अंश कमी. दुसरा परत आला: अंश कमी. तिसऱ्यानंतर ते थांबणार नव्हते. तेवढ्यात बियाण्याच्या एका व्यापाऱ्याला गोदाम हवं होतं. त्याचा माणूस फितीनं आमची शेड मोजून गेला. माझ्या भांड्याचीही उंची मोजली त्यानं, का ते देव जाणे. उत्तमराव माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, तिसरा पास झाला तर सराटा. न्हाई तर बियाणं. मंग आमचे वडील म्हणले तेच खरं."

मी कामाला लागले. चाळणी बदलली. स्पिरिट कमीजास्त केलं. आच मंद ठेवली, एकदा भिजवायचं ते दोनदा भिजवलं. दर वेळी अंश मुंगीच्या पावलानं वर सरकायचा आणि थांबायचा. जणू त्या फळात एवढंच होतं.

या धामधुमीतही गिऱ्हाइकं यायचीच. एका पैलवानानं कुठंतरी ऐकलं होतं की गोखरूनं ताकद येते. नको नको म्हणत असताना त्यानं अर्काचं बोट चाटलं आणि इतकं कडू तोंड करून पळाला की फाटकाबाहेर सायकल विसरला. जांब समर्थकडचा एक शेतकरी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून मुळं, माती, पाला यांच्यासकट वेलींचा डोंगर घेऊन आला. "फळं तुमी काढून घ्या मॅडम, म्या सगळं रानच आणलं." ते रान परत पाठवताना माझ्या नाकी नऊ आले.

आणि शेजारचे नंदूशेठ. भिंतीपलीकडे त्यांची डाळमिल. दोघांच्या मधून उघडी नाली वाहायची. एक दिवस भिंतीवरून डोकं काढून म्हणाले, "मॅडम, सकाळच्या पारी नालीत साबण कोण सोडतं हो? बिलकुल भारी माल हाय. आमच्या बाया त्याच्यातच पोती धुऊन राह्यल्या. बगळ्यावाणी निघतात." नाली वरच्या अंगाला बाटल्या धुणाऱ्या एका कारखान्याजवळून यायची. मी म्हटलं, त्यांचा असेल. नंदूशेठ म्हणाले, "कोणाचा का असंना, बंद करू नका म्हणावं."

शेवटी उत्तमरावांच्या मनात आलं की मालच खोटा असावा. सराटा आम्हाला धावड्याहून गयाबाई पाठवायची. तिच्या हाताखाली गावातल्या बायका वेचायच्या. आम्ही दोघं जीपनं तिच्याकडे गेलो. गयाबाई म्हणजे काटक, तोंडाळ आणि हसरी बाई.

"या मॅडम, बसा. पण बघून बसा," तिनं स्वागत केलं.

उत्तमराव सरळ मुद्द्यावर आले. "गयाबाई, मालात काही मिसळून राह्यली का?"

गयाबाईनं पदर तोंडाला लावला. "दादा, सराट्यात मिसळायला सराट्याहून सवंग काय असतंय, ते तुमीच सांगा. लगेच मिसळते."

"मंग औषध कमी का निघतं?"

"ते मला काय इचारता? मी येचते. शिजवती तर ही बाई."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी म्हटलं, आधी वेचता कसं ते तरी दाखवा. आणि मग मी जे पाहिलं ते कुठल्याही नाटकात पाहिलं नव्हतं. पडीक रानात बायका एका ओळीनं उतरल्या, पायांत रबरी चपला. आणि नाचायला लागल्या! धप, धप, धप. वाळून खाली पडलेले सराटे चपलेच्या तळव्यात रुतायचे. तळवा काट्यांनी भरला की पाय उचलून पत्र्याच्या काठावर खरवडायचा, खाली डबा. हातानं वेचायचं म्हटलं तर दिवसभरात ओंजळ भरणार नाही आणि हाताची चाळण होईल. माणसाच्या तळव्यात घुसायचा या फळाचा जो दुष्ट स्वभाव, त्यालाच या बायकांनी कामाला लावलं होतं.

मला राहवेना. मी एक जोडी मागून घेतली आणि घुसले. "मॅडम, जोरात! सवतीच्या डोक्यावर नाचल्यावाणी!" गयाबाई ओरडली. मी नाचले. आयुष्यात कधी नोकरीच्या कामात एवढी मजा आली नाही. वळून पाहिलं तर उत्तमराव आमच्याकडे पाठ करून उभे. कोणी उघड्यावर अंघोळ करताना दिसावं तशी त्यांनी नजर आभाळात लावली होती.

परतीच्या वाटेवर भोकरदन मागे पडलं. राजूरच्या गणपतीचं देऊळ दिसायला लागल्यावर त्यांनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी हे कोणाला सांगणार न्हाई ना?"

"काय?"

"चपलेचं. मला आधीपासून माहीत हाय. पण काय करता, दुसरा इलाज न्हाई. तुमाला मुद्दामच सांगितलं न्हाई. तुमी शिकलेल्या, वर ब्राह्मणाच्या. म्हणलं, किळस येईल." मग एकदम आवाज चढवून, "पण देवाशप्पथ, चपलेखालचं तसंच तुमच्या हातात एकदाही दिलं न्हाई. तीन पाण्यानं धुऊन देतो."

"सराटा धुता? हात फाटत नाहीत?"

"अख्खा कोण धुतो! आधी भरडतो, म्हंजी काटे मोडतात. मंग टाकीत टाकायचा, कोमट पाण्यात घुसळायचा. वाळवायचा, अन् तुमाला द्यायचा."

इथे सांगायला हवं की कारखान्याची मागची शेड उत्तमरावांच्या ताब्यात होती. भरडण्याचं काम तिथे पहाटे चालायचं. मी नऊच्या सुमारास पोचायचे. "मागं येऊ नका, काटे उडतात," असं ते मला पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. माझ्या दारात यायचा तो वाळलेला, सोनेरी, प्रसादासारखा भरडा.

"किती वेळ घुसळता?" मी विचारलं.

"फेस बंद होईपर्यंत. काय मळ असतो मॅडम, नुसता फेस! पहिल्या पाण्याला तर टाकी उतू जाते."

"उत्तमराव, गाडी थांबवा."

मी खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. उत्तमराव घाबरून पाण्याची बाटली घेऊन धावत आले. आधी बाटलीचं तोंड धुतलं, मग मला दिली.

"उत्तमराव," मी म्हटलं, "तो मळ नाही. सराट्यातलं जे औषध आपण शोधतोय ना, त्याचा गुणच हा, की ते पाण्यात उतरलं की फेस धरतं. रिठ्यासारखं. तुम्ही रोज पहाटे चहा नालीत ओतताय आणि चोथा मला देताय, की मॅडम, याचा कडक चहा करा!"

 त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "मंग नंदूशेठची पोती..."

"जालन्यात इतकी औषधी पोती कुठेच नसतील."

मला वाटलं, सुटलो. उद्यापासून धुणं बंद, तिसरा नमुना पास. पण दुसऱ्या दिवशी उत्तमराव ऑफिसात आले ते चेहरा पाडून.

"मॅडम, रातभर इचार केला. न्हाई जमायचं."

"काय नाही जमायचं?"

"औषध म्हंजी देवाच्या बराबर. आजारी माणूस डोळे मिटून तोंडात टाकतो. त्याला काय माहीत कोणाच्या पायाखालून आलंय? न धुता मी न्हाई देणार. शेड गेली तरी चालंल."

"अहो, पण आपण उकळतो! उकळीत कसला विटाळ राहतोय?"

"उकळली म्हणून चप्पल खाता का तुमी?"

याला रसायनशास्त्रात उत्तर नाही. मी पुष्कळ नाटकं केली. हातवारे केले, परातीत भरडा ठेवून व्याख्यान दिलं. ते हललेसुद्धा नाहीत. आणि खरं सांगू? मला राग आला नाही. आपला कारखाना हातचा जात असताना, ज्याला कधी बघणारही नाही अशा रोग्याच्या तोंडी काय जाईल याची काळजी करणारा मालक मला दुसरा भेटलेला नाही.

संध्याकाळी घरी गेले. आईची पूजेची साडी नेहमीप्रमाणे उंच दांडीवर वाळत होती. सोवळ्यातली. काठीनं टाकायची, काठीनं काढायची, कोणी शिवायचं नाही. लहानपणी आम्ही मुद्दाम शिवायचो आणि मार खायचो. तीही साडीच की, दुकानात इतर साड्यांबरोबरच ठेवलेली. घरी आणून वेगळी ठेवली, धुतली, दांडीवर चढवली, म्हणून सोवळ्यातली. मी दारातच उभी राहिले आणि टाळी वाजवली. आई म्हणाली, "आता काय रुतलं?"

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले आणि रबरी चपलांचा ढीग मागितला.

"कोणाच्या मापाच्या?" दुकानदारानं विचारलं.

"कोणाच्याही द्या. या चालणार नाहीत."

"चालणार न्हाईत तर मंग घेता कशाला?"

"नाचणार आहेत."

त्यानं घाईनं बांधून दिल्या.

चपला मी उत्तमरावांच्या टेबलावर ओतल्या. ते खुर्चीसकट मागे सरकले. मी म्हटलं, "या सोवळ्यातल्या. रस्ता यांना कधी लागणार नाही. रानाच्या कडेला खोलीत खुंटीला टांगायच्या. रानही सराटे गळायच्या आधीच झाडून घ्यायचं. काम झालं की धुऊन परत खुंटीला. आणि सराटा आला की भरडायच्या आधी, अख्खा असतानाच, जाळीच्या टोपलीतून गार पाण्यात एक डुबकी. अख्ख्या फळातलं औषध एका डुबकीत सुटत नाही. धूळ तेवढी जाईल आणि हातही लावावा लागणार नाही."

ते पुढे सरकले. एक उचलली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी टेबलावरची चप्पल हातात घेतली असेल. तळवा न्याहाळला, नाकाजवळ नेला, नव्या रबराचा वास घेतला. "कोऱ्या हायेत," ते म्हणाले. मग सगळ्या गोळा करून नळाखाली घेऊन गेले. तीन पाण्यानं धुतल्या, हे सांगायला नकोच.

धावड्याला गयाबाईनं हे शास्त्र ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "म्हंजी रस्त्यानं पायात जुन्या, सराट्यात नव्या, अन् नव्या घरी न्यायच्या न्हाईत? मॅडम, चपलेचा एवढा थाट तर नवरीचा बी नसतो." पण बायकांनी नियम पाळला. कधी गयाबाई स्वतःच कोणाला तरी ओरडायची, "ए, सोवळ्यात हायेत त्या! संडासला घालून जाशील!"

तिसरा नमुना काढायच्या दिवशी मी भांडं भरलं, वाफ सोडली आणि शिडीवर चढून बघत राहिले. आधी काही नाही. मग खालून एक मऊ, पांढरी लाट उठली. वाढली. काठाला लागली. मी "वाफेची झडप बंद करा!" ओरडले तोवर झाकणाच्या फटीतून फेस बाहेर आला, भांड्यावरून ओघळला, फरशीवर पसरला आणि दारापर्यंत गेला. मी शिडीवर अडकलेले. खाली उत्तमराव, पोटऱ्यांपर्यंत फेसात, पांढऱ्या सदऱ्यात, हात वर करून उभे. आणि हसत होते. "मॅडम, किती मळ हाय बघा! किती मळ हाय!"

फेस बसवायला मग युक्त्या कराव्या लागल्या: भांडं अर्धंच भरायचं, स्पिरिटचं प्रमाण वाढवायचं, आच आणखी मंद करायची. पण ते दुःख सुखाचं होतं. नमुना गेला आणि पास झाल्याचा फोन आला. फीतवाला माणूस पुन्हा आला, तेव्हा उत्तमरावांनी त्याला चहा पाजला आणि त्याच्या चाकातला सराटा स्वतः काढून देऊन निरोप दिला. नाराज झाले ते एकटे नंदूशेठ. "मॅडम, साबण बंद झाला हो." काय झालं होतं ते मी सांगितल्यावर त्यांनी जरा विचार केला. "तरीच," ते म्हणाले, "आमच्या डाळीची तारीफ दवाखान्यातून येत होती."

आता मी नोकरी करत नाही, इकडेतिकडे सल्ला देते. नव्या कारखान्यांत बटण दाबलं की आच आपोआप कमी होते, आणि फेस वर आला की दिवा लागतो. चांगलंच आहे. पण तो दिवा लागला की मला शिडीवरून खाली बघावंसं वाटतं, आणि खाली कोणी नसतं. उत्तमराव गेले. कारखाना त्यांची मुलगी चालवते, आणि पेलाही विसळूनच पिते.

एक खंडेनवमी मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नमुना पास झाल्यानंतरची पहिलीच. कारखान्यात यंत्रांची, हत्यारांची पूजा. भांड्याला झेंडूचा हार, चाळणीला कुंकू, माझ्या चिमट्यालाही एक फूल. आणि मधोमध पाटावर, धुतलेल्या, ओळीनं मांडलेल्या सोवळ्यातल्या चपला. उत्तमरावांनी त्या धावड्याहून मुद्दाम मागवल्या होत्या. गयाबाई घेऊन आली होती. हळदकुंकवाची वाटी घेऊन ते खाली बसले आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, कुंकू वरून लावायचं का तळव्याला?"

"काम तळव्यानं केलंय," मी म्हटलं. त्यांनी चपला एकेक करून पालथ्या केल्या आणि तळव्यांना बोटं लावली.

गयाबाई दारात थांबली होती. उंबऱ्याबाहेर तिनं आपल्या चपला काढून ठेवल्या होत्या: झिजलेल्या, एका पट्ट्याला तारेचं टाचण. ती पाटाकडे बघून म्हणाली, "वा दादा! ह्या आत, अन् माझ्या बाहेर?"

"ह्या रस्त्यानं चालल्या न्हाईत ना, गयाबाई."

"तेच म्हणते. ज्या चालल्या न्हाईत त्यांना पाट, अन् ज्या मला धावड्याहून इथवर घेऊन आल्या त्यांना उंबरा."

ती हसतच म्हणाली होती. बाकीचेही हसले. उत्तमराव हसले नाहीत. ते उठले, बाहेर गेले, वाकले आणि गयाबाईच्या चपला दोन्ही हातांनी उचलून आत घेऊन आले. नळाकडे गेले नाहीत. नळ चार पावलांवर होता. त्यांनी त्या तशाच, धुळीसकट, पाटावर ठेवल्या आणि झिजलेल्या तळव्यांना हळदकुंकू लावलं.

 गयाबाई म्हणाली, "आता गं बया! कुंकू लागलेल्या पायात कशा घालू? अनवाणी जाऊ का धावड्याला?"

उत्तमरावांनी पाटावरची एक धुतलेली जोडी उचलली, तळव्यांचं कुंकू सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि जोडी तिच्या पायांपुढे ठेवली.

"ह्या घाला."

"दादा, सोवळ्यातल्या हायेत!"

"असू द्या."

गयाबाईनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग चपला पायात घातल्या आणि फाटकातून बाहेर, रस्त्यानं चालत स्टँडकडे गेली.